रुडॉल्फ डिझेल आणि नोझलचे कोडे

घाटात पुढे चाललेला जुना ट्रक काळा धूर ओकू लागला, की मागच्या गाड्या काचा वर घेतात. ट्रकवाल्याला कारण ठाऊक असते. गाडी ओढत नाही, तेल जास्त खाते, सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते आणि धूर काळा. म्हणजे नोझल गेले. मग मिस्त्री इंजेक्टर उतरवतो, ते पंप-नोझलची कामे करणाऱ्याकडे जातात, आणि मालकापुढे प्रश्न उभा राहतो : जुनेच दुरुस्त करून घ्यायचे, की जरा जास्त तेल देणारे, नव्या धाटणीचे बसवायचे?

बोटाएवढ्या लांबीच्या या भागाने एका माणसाला वीस वर्षे छळले. पेट्रोल पंपावर आपण ज्यांचे आडनाव घेऊन टाकी भरायला सांगतो, ते रुडॉल्फ डिझेल. त्यांनी इंजिन शोधले, एवढे शाळेत कळते. ते इंजिन त्यांच्या हयातीत ट्रकमध्ये नीट बसू शकले नाही आणि त्याला कारण मुख्यतः इंधन आत सोडण्याची रीत होती, हे फारसे सांगितले जात नाही.

रुडॉल्फ यांचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील जर्मन. वडील थिओडोर मूळचे ऑग्सबुर्गचे, पेशाने पुस्तकबांधणी करणारे. पॅरिसमध्ये ते चामड्याच्या वस्तू तयार करत. घर जेमतेम चाले. मुलाचा जीव मात्र शहरातल्या यंत्रांच्या संग्रहालयात रमे. तिथे क्युन्यो या फ्रेंच लष्करी अभियंत्याने अठराव्या शतकात बांधलेली, तोफा ओढण्यासाठीची वाफेवरची अवजड गाडी ठेवलेली होती आणि आजही आहे. ओझे वाहणाऱ्या स्वयंचलित गाड्यांची ती पणजी म्हणायला हरकत नाही.

1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधले जर्मन एका रात्रीत परके झाले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे पोट भरणे अवघड, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. ते नातेवाईक, बार्निकेल, तिथल्या तंत्रशाळेत गणित शिकवत. मुलाला जणू हवे ते घर मिळाले. अभ्यासात तो सतत पहिला. पुढे शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला आणि कार्ल फॉन लिंडे यांच्यासारखा शिक्षक लाभला. लिंडे म्हणजे शीतयंत्रांचे मोठे नाव. वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्क्यांपर्यंत कामात आणते आणि बाकीची वाया जाते, हे त्यांनी वर्गात समजावले. रुडॉल्फ यांनी ते वहीत टिपून ठेवले आणि त्या टिपणाने पुढे आयुष्यभर पिच्छा सोडला नाही.

1879 मध्ये अंतिम परीक्षेच्या तोंडावर त्यांना विषमज्वर झाला. परीक्षा हुकली. पुढच्या परीक्षेची वाट पाहत बसण्याऐवजी ते स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला झुल्त्सर बंधूंच्या कारखान्यात काम शिकायला गेले. कागदावर यंत्र काढणारे पुष्कळ असतात. कानशीने हात काळे केलेले कमी. 1880 मध्ये त्यांनी उत्तम गुणांनी पदवी मिळवली आणि लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्याचे काम पाहायला ते पुन्हा पॅरिसला आले. 1883 मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी विवाह झाला. तीन मुले झाली. दिवसा बर्फ आणि रात्री इंजिन असा त्यांचा क्रम दहा वर्षे चालला. वाफेऐवजी अमोनियावर चालणारे इंजिन त्यांनी बरीच वर्षे धरून ठेवले आणि शेवटी सोडून दिले.

मग सुचली ती कल्पना तशी साधी आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हा सर्वांचा अनुभव. हवा दाबली की तापते. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, दट्ट्याने ती इतकी दाबायची की तिचा ताप इंधनाच्या पेट घेण्याच्या तापमानापुढे जाईल, आणि नेमक्या त्या क्षणी इंधन आत सोडायचे. ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, ज्योत नको. हवा जितकी जास्त दाबाल तितकी इंधनातली जास्त उष्णता कामी येईल, हा त्यामागचा खरा हिशेब. फेब्रुवारी 1892 मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. वर्षभराने ते मिळाले. कल्पनेवरचे त्यांचे पुस्तकही 1893 मध्ये निघाले. त्यातले काही आकडे हवेतले होते. वातावरणाच्या अडीचशे पट दाब कोणत्याही लोखंडाला पेलणारा नव्हता. चूक लक्षात येताच रुडॉल्फ यांनी हिशेब बदलला आणि दुसरे पेटंट घेतले, पण ही दुरुस्ती त्यांनी फारशी उघडपणे मान्य केली नाही. पुढे विरोधकांनी नेमके तेच धरून ठेवले.

ऑग्सबुर्गचा यंत्रकारखाना आणि एसेनचे क्रुप यांनी पैसा ओतायचे मान्य केले. क्रुपकडून वर्षाला 30,000 मार्क मिळणार होते. 10 ऑगस्ट 1893 रोजी ऑग्सबुर्गमध्ये पहिली चाचणी झाली. माणसाच्या उंचीहून उंच असे ते उभे यंत्र कारखान्याच्या पट्ट्याने फिरवले गेले आणि आत पेट्रोल सोडण्यात आले. कानठळ्या बसवणारा आवाज झाला, दाब मोजणारे उपकरण फुटले आणि तुकडे उडाले. कोणी जखमी झाले नाही हे नशीब. इंजिन स्वतःच्या बळावर चालले नाही. पण दाबलेल्या हवेत इंधन ठिणगीवाचून पेटते, हे त्या स्फोटाने दाखवून दिले.

खरी अडचण इथून पुढे सुरू झाली.

हवा दाबण्याचे काम जड दट्ट्या आणि जाड सिलिंडर करू शकत होते. इंधनाचे काय करायचे? सिलिंडरच्या आत वातावरणाच्या तीस-चाळीस पट दाब. त्या दाबाविरुद्ध इंधन ढकलायचे, तेही प्रत्येक वेळी ठरावीक मापात आणि ठरावीक क्षणी. एखाद्या जुन्या ट्रकचे उदाहरण घेतले तर हे माप कळते. इंजिन मिनिटाला 2,000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला 1,000 वेळा इंधन सोडावे लागते. पूर्ण भारावरही एका वेळचे माप साधारण एका थेंबाएवढे असते आणि त्याला मिळणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत, दोन-तीन भागांत, मोजायचा. रुडॉल्फ यांचे इंजिन याच्या दहावा भागही वेगाने फिरत नव्हते, तरी कोडे तेच होते.

शिवाय थेंब आत गेला म्हणजे काम झाले असे नाही. द्रव जळत नाही. त्याची वाफ जळते, आणि तीही हवेत मिसळली तरच. इंधनाचे बारीक तुषार झाले तर प्रत्येक कणाभोवती हवा पोचते. धार पडली किंवा नोझलच्या टोकाशी थेंब लोंबत राहिला, तर बाहेरची कड जळते आणि आतल्या भागाला उष्णता मिळते पण प्राणवायू मिळत नाही. तिथे इंधन करपते. फोडणीत जिरे करपावे तसे. त्या करपण्याचे नाव काजळी, आणि काजळी बाहेर पडली की तिला आपण काळा धूर म्हणतो.

रुडॉल्फ यांनी आधी पंपाने थेट इंधन ढकलून पाहिले. आज सगळी डिझेल इंजिने हेच करतात. पण त्या काळच्या पंपांना इतक्या बारीक मापाची सफाई नव्हती. दट्ट्या आणि त्याची नळी यांतली फट गळे, नळीत हवेचा बुडबुडा राहिला की तोच दाबला जाई आणि इंधन जागेवर राही. नोझल तुंबे. मग इंधनाची आधी वाफ करून पाहिली, तेही फसले. शेवटी त्यांनी उपाय काढला तो हवेचा. इंजिनाला एक वेगळा हवापंप जोडायचा, सिलिंडरमधल्या दाबाहूनही जास्त दाबाची हवा बाटलीत साठवायची आणि त्या हवेच्या झोताने इंधन नोझलमधून फुंकायचे. सोनाराच्या फुंकणीचीच ही मोठी बहीण. तुषार छान झाले. 17 फेब्रुवारी 1894 रोजी इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर फिरले. मिनिटाला 88 फेरे, आणि एकच मिनिट.

बरोबर तीन वर्षांनी, 17 फेब्रुवारी 1897 रोजी, म्युनिकचे प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी नव्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी 26.2 टक्के काम म्हणून हाती आली. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. मिनिटाला 154 फेरे आणि 18 हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद. एवढ्या ताकदीसाठी साडेचार टन लोखंड. हे इंजिन आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये पाहता येते.

त्या आकड्याने युरोप हलला. परवान्यांसाठी कारखानदारांची रीघ लागली. अमेरिकेतले हक्क सेंट लुईसचे बीअरसम्राट अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्क देऊन घेतले. चाळिशी गाठायच्या आत रुडॉल्फ लक्षाधीश झाले. पण प्रयोगशाळेतले इंजिन आणि गिऱ्हाइकाचे इंजिन यांत फरक असतो. पहिल्या विकलेल्या इंजिनांपैकी एक 1898 मध्ये केम्प्टनच्या आगपेटीच्या कारखान्यात बसले. ठिणगीवाचून चालणारे यंत्र काड्यापेट्या करायला गेले, ही गंमत. गंमत तिथेच संपली. नोझल तुंबत, हवापंप बिघडत, झडपा जळत. ज्यांनी परवाने घेतले होते त्यांनी घाईघाईने केलेली इंजिने तर आणखी वाईट निघाली. ऑग्सबुर्गमध्ये खास या इंजिनांसाठी काढलेल्या कारखान्याची यंत्रे गिऱ्हाईक परत पाठवू लागले. त्यातच एमिल कापिटेन यांनी पेटंटवर दावा ठोकला. रुडॉल्फ खटला जिंकले, पण 1898 च्या शरद ऋतूत त्यांचे शरीर आणि मन दोन्ही थकले. तीव्र डोकेदुखी, निद्रानाश, कामाचा पूर्ण उबग. म्युनिकच्या आरोग्यधामात त्यांना कित्येक आठवडे राहावे लागले. डॉक्टरांचा सल्ला एकच, इंजिनापासून दूर राहा. ज्या इंजिनाला दुसरा सांभाळणारा नव्हता, त्याच्या बाबतीत तो पाळणे कठीण होते. डोकेदुखी आणि पुढे संधिवाताच्या जातीचा गाउट या दोन्ही व्याधी त्यांच्याबरोबर राहिल्या.

हळूहळू इंजिन सुधारले, ते मुख्यतः कारखान्यांतल्या इतर अभियंत्यांच्या चिकाटीने. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. वसाहतींत पिकणाऱ्या तेलावर इंजिन चालावे ही फ्रेंच सरकारची इच्छा होती. पाहणाऱ्यांना फरक कळलाही नाही. वीजघरे, कारखाने, मग पाणबुड्या आणि 1912 मध्ये डेन्मार्कचे सेलांडिया हे महासागरी जहाज. जिथे वजनाची पर्वा नव्हती तिथे डिझेल पोचले.

रुडॉल्फ यांना मात्र लहान इंजिन हवे होते. छोट्या कारागिराला परवडेल असे यंत्र, हे त्यांचे पहिल्यापासूनचे स्वप्न. 1908 च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या साफिर या कंपनीबरोबर त्यांनी ट्रकसाठी इंजिन करून पाहिले. फुंकणीच आडवी आली. हवापंप, त्याची बाटली, नळ्या, हे सगळे ओझे इंजिनाच्या पाठीवर. पंप चालवायला इंजिनाचीच ताकद खर्च व्हायची, आणि वेग वाढवला की हवेच्या झोताचे माप चुकायचे. जहाजावर हे खपते. खड्ड्यांच्या रस्त्यावर, चढ-उतारावर क्षणाक्षणाला वेग बदलणाऱ्या गाडीत खपत नाही. पंपाने थेट इंधन सोडायची त्यांची पहिली कल्पना योग्य होती. ती अमलात आणण्याइतकी बारीक कातकामाची सफाई अजून जन्मायची होती.

पैशाच्या बाबतीत हा बुद्धिमान माणूस अगदी कच्चा. म्युनिकमध्ये त्यांनी राजेशाही घर बांधले, जमिनींच्या व्यवहारात मोठा पैसा घालवला. 1913 मध्ये त्यांनी इंजिनाच्या जन्माचा इतिहास लिहून काढला. त्याच वर्षी योहानेस ल्युडर्स या प्राध्यापकांनी, इंजिनाचे श्रेय डिझेल यांना देणे ही दंतकथा आहे, असे मांडणारे पुस्तक काढले. देणी वाढली होती आणि ती घरात कुणाला नीट माहीत नव्हती.

29 सप्टेंबर 1913 रोजी संध्याकाळी ते ॲन्टवर्पहून ड्रेस्डेन या बोटीने इंग्लंडला निघाले. इप्सविचला नव्या डिझेल कारखान्याचे काम होते. बरोबर दोन सहकारी. रात्रीचे जेवण झाले, डेकवर फेरफटका झाला, सकाळी सव्वासहाला उठवा असे सांगून ते दहाच्या सुमारास खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती, बिछान्यावर कोणी झोपलेले नव्हते. टोपी आणि ओव्हरकोट डेकवर सापडले. दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात देह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. गोळ्यांची डबी, चष्म्याचे घर, खिशातला चाकू. मुलगा ऑयगेन याने त्या ओळखल्या. घातपाताच्या कहाण्या तेव्हाही उठल्या, आजही उठतात. हिशेबाच्या वह्या, रिकामी खाती आणि पंधरा वर्षांची ढासळलेली प्रकृती पाहता बहुतेक चरित्रकार आत्महत्येकडे झुकतात. ते 55 वर्षांचे होते.

ट्रकचे कोडे त्यानंतर अकरा वर्षांत सुटले. बेंझ कारखान्यातल्या प्रॉस्पर लोरांज यांनी 1909 मध्येच मुख्य सिलिंडरला जोडून छोटी पूर्वज्वलन खोली करायची युक्ती काढली होती. तीत कमी दाबाचे इंधनही नीट पेटे आणि हवापंपाची गरज उरत नसे. त्या युक्तीवर बेंझचा पाच टनी ट्रक 1923 मध्ये आला. ऑग्सबुर्गच्याच कारखान्याने, म्हणजे आता एम.ए.एन.ने, 1924 मध्ये पंपाने थेट इंधन सोडणारे ट्रक-इंजिन केले आणि तो ट्रक ऑग्सबुर्गहून न्युर्नबर्गपर्यंत सुमारे 140 किलोमीटर चालवत नेला. उरले होते ते हे पंप आणि नोझल हजारोंच्या संख्येने, एकसारख्या मापाचे बनवणे. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी 1922 मध्ये ते काम हाती घेतले आणि 1927 मध्ये पंप बाजारात आणला. भारतात या कंपनीची ओळख मायको या नावाने झाली. नाशिकमध्ये तिच्या नोझलच्या कारखान्यामुळे एका चौकाचे नावच मायको सर्कल पडले. तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

दाबाचे आकडे पाहिले की प्रवास कळतो. कारच्या चाकात साधारण 2 बार हवा असते. रुडॉल्फ यांची फुंकणी 60-70 बारवर चाले. जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रकमध्ये इंजेक्टरची सुई सुमारे 200 ते 250 बारला उघडते. 1990 च्या दशकात कॉमन रेल आली आणि आकडा हजाराच्या पुढे गेला. आता तो 2,000 च्याही वर आहे. दाब जास्त, भोके बारीक, म्हणून तुषार अधिक सूक्ष्म.

जुन्या ट्रकला नवे इंजेक्टर बसवताना हाच हिशेब लागू होतो. सुईची बैठक झिजली की इंजेक्टर ठिबकतो. आतल्या स्प्रिंगचा ताण कमी झाला की तो लवकर, कमी दाबाला उघडतो. अशा वेळी योग्य क्रमांकाची नवी नोझल, सर्व सिलिंडरना सारखा उघडण्याचा दाब आणि खाली नवा तांब्याचा वॉशर, एवढ्याने धूर आणि तेलाचा खर्च दोन्ही उतरतात. मोठ्या भोकांच्या नोझलने ताकद वाढते हेही खरे, पण हवा तेवढीच ठेवून इंधन वाढवले तर जादा इंधन करपणारच. एक्झॉस्ट तापतो, दट्ट्याचा माथा जळतो आणि घाटात मागच्यांना काचा वर घ्याव्या लागतात. फवाऱ्याचा कोन दट्ट्यातल्या खळग्याशी जुळला नाही, तर चांगल्या कंपनीचा महागडा इंजेक्टरही धूरच देतो. कॉमन रेलचे इंजेक्टर जुन्या पंपावर चढवता येत नाहीत. त्यांचा पंप, नळ्या आणि संगणक सगळेच वेगळे.

प्रश्न फक्त मायलेजचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. फुप्फुसाच्या कर्करोगाबाबतचा पुरावा पुरेसा ठरला. काजळीचे कण इतके बारीक असतात की नाकाने अडत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. डोळ्यांना दिसणारा धूर थांबला म्हणजे न दिसणारे कण संपले, असेही मानता येत नाही. त्यासाठीच नव्या गाड्यांत गाळण्या आल्या. सर्वात जास्त धूर जातो तो ट्रक चालवणारा, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करणारा मिस्त्री आणि टोलनाक्यावर उभा राहणारा कर्मचारी यांच्या पोटात.

मिस्त्रीला आणखी एक धोका असतो. टेस्टरवर नोझल तपासताना फवारा कसा पडतो हे पाहायला हात पुढे केला जातो. तो फवारा कातडी भेदून आत जातो. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र डिझेल बोटातून तळहातात पसरत असते आणि उशीर झाला तर बोट गमवावे लागते. पट्टी बांधून घरी जाण्यासारखी ही जखम नसते. त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोचून, दाबाने डिझेल आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे लागते.